बफेलोत बर्फ काढायचं मशीन घेताना

सांगलीहून मावशी दर हिवाळ्यात विचारते, "तिकडे बर्फ काढायला माणूस मिळत नाही का गं?" मिळतो की. पिकअप ट्रकला पुढे लोखंडी पातं लावलेला माणूस मिळतो. अख्ख्या हंगामाचे पैसे आगाऊ घेतो आणि बर्फ पडला की येतो. पण कधी येणार, ते त्याचं तो ठरवतो. त्याच्या यादीत आपल्यासारखी बरीच घरं असतात आणि सगळ्यांनाच सकाळी एकाच वेळी गाडी बाहेर काढायची असते. माझा नवरा हॉस्पिटलात रात्रपाळी करतो. तो घरी पोचायच्या आत मला मुलांना शाळेत सोडून ऑफिस गाठायचं असतं. त्यामुळे आमच्याकडे स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून लांब फेकणारं मशीन आहे आणि ते मीच चालवते.

दर ऑगस्टमध्ये इथे, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत, नवी मराठी कुटुंबं येतात. कुणी युनिव्हर्सिटीत, कुणी बँकेत, कुणी हॉस्पिटलात. ऑक्टोबर लागला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो: कोणतं मशीन घेऊ? मग ज्याच्याकडे जे आहे तेच जगात उत्तम, अशी उत्तरं येतात. मला विचाराल तर ब्रँड शेवटी बघायचा. आधी घर कुठे आहे ते बघायचं आणि मग रस्ता साफ करणारा प्लाऊ आपल्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी काय टाकून जातो ते.

घर कुठे आहे याला इथे फार महत्त्व आहे. बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेलं आहे. नोव्हेंबरात सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून कॅनडाकडची गारठलेली हवा वाहायला लागते. नैऋत्येकडून येणारा वारा सरोवराच्या लांबीभर पाण्यावरून सरकतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आला की तिचा बर्फ करून ओततो. हा 'लेक इफेक्ट' बर्फ पट्ट्यांत पडतो. पट्टा अरुंद असतो, पण एकाच जागी ठाण मांडून बसला की तासाला काही इंच बर्फ पडत राहतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या काही गावांत पाच फुटांहून जास्त बर्फ साचला, आणि उत्तरेकडच्या वस्त्यांत जेमतेम काही इंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सहा फुटांच्या वर पडला. इथल्या बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं स्टेडियम आमच्याच गावात आहे, त्यांना त्या आठवड्यातला सामना डेट्रॉइटला जाऊन खेळावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये तर स्टेडियममधला बर्फ उपसायला संघाने चाहत्यांनाच बोलावलं, ताशी २० डॉलरच्या मजुरीवर. लोक आपापली फावडी घेऊन हौसेने गेले.

माझी मैत्रीण अ‍ॅमहर्स्टला राहते, आमच्यापासून उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर. आमच्याकडे खिडकी अर्धी बुजलेली असते तेव्हा ती उन्हात कपभर चहा घेऊन फोटो पाठवते. तिचं मशीन माझ्या कामाचं नाही आणि माझं मशीन तिने घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. 'बफेलोत राहता ना, मग हेच घ्या' असं सांगणाऱ्या दुकानदारावर म्हणून माझा विश्वास नाही. आधी पत्ता विचारणारा दुकानदार शोधावा.

आता प्लाऊबद्दल. गावाचा मोठा ट्रक रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारत जातो आणि ती बाजू म्हणजे नेमकं आपल्या ड्राइव्हवेचं तोंड असतं. तिथे गुडघाभर उंचीची भिंत उभी राहते. आभाळातून पडलेला बर्फ भुरभुरीत असतो, फुंकर मारली तरी उडावा असा. या भिंतीतला बर्फ मात्र दाबलेला, रस्त्यावर टाकलेलं मीठ खाऊन ओला झालेला, मध्ये गोठलेले गोळे आणि रस्त्यावरची खडी. दोन तास तसाच राहिला तर त्याचा दगड होतो. तो उचलून परत रस्त्यावर टाकायचा नाही, न्यूयॉर्क राज्यात कायद्याने मनाई आहे. आणि तुम्ही घाम गाळून तोंड मोकळं केलंत की ट्रकची दुसरी फेरी होते.

माझ्या मते मशीनची निवड या भिंतीवरूनच करायची. ड्राइव्हवे केवढा लांब, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पण लांबी फक्त किती वेळ लागेल ते सांगते. भिंत सांगते की मशीन चालेल की धापा टाकत थांबेल.

छोट्या मशीनला सिंगल-स्टेज म्हणतात. त्यात एकच फिरतं पातं असतं, त्याला रबराच्या पट्ट्या असतात. तेच पातं बर्फ ओढतं आणि तेच नळकांड्यातून बाहेर फेकतं. पट्ट्या जमिनीला घासत जातात, त्यामुळे खाली डांबर अगदी स्वच्छ दिसतं. वजनाला हलकं, गॅरेजच्या कोपऱ्यात मावणारं, आणि सहा-आठ इंच ताज्या बर्फाला पुरेसं. पण ड्राइव्हवे खडीचा असेल तर हे मशीन घेऊच नये, खडी गोळीसारखी उडते आणि समोर शेजाऱ्यांची गाडी असते. प्लाऊच्या भिंतीपुढे तर हे मशीन वर चढायला बघतं, आत घुसत नाही.

मोठं ते टू-स्टेज. पुढचं लोखंडी दातेरी पातं बर्फ फोडून आत घेतं आणि मागचा वेगळा पंखा तो बाहेर फेकतो. बाबांना फोनवर समजावताना मी म्हटलं, मळणी यंत्र जसा भुसा लांब उडवतं ना, तसं. लगेच त्यांचा पुढचा प्रश्न: "एचपी किती?" इथे एचपीपेक्षा पात्याची रुंदी आणि तोंडाची उंची बघतात. दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला २४ ते २८ इंच रुंदी भरपूर झाली. याची चाकं इंजिनवर फिरतात, त्यामुळे ढकलावं लागत नाही, नुसतं सोबत चालायचं. दोन्ही बाजूंना 'स्किड शू' नावाच्या पट्ट्या असतात, त्या खालीवर करून पातं जमिनीपासून थोडं उचलता येतं, म्हणून हे खडीवरही चालतं. क्युबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये ट्रकवर बसवलेला पहिला स्नो ब्लोअर बनवला होता. त्याचं हे घरगुती नातवंडच म्हणायचं. थ्री-स्टेजही मिळतं, पण घरासाठी त्यावर पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही.

पेट्रोलवरचं चांगलं टू-स्टेज हजार डॉलरच्या पुढेच जातं आणि वजन शंभर किलोच्या आसपास भरतं. घेण्याआधी दुकानात ते वळवून बघा. माझा आग्रह होता की जी व्यक्ती सकाळी सहाला ते चालवणार तिनेच ते वळवून बघायचं. विक्रेता सगळी माहिती नवऱ्याकडे बघून सांगत होता, आणि नवरा बिचारा माझ्याकडे बोट दाखवत होता. वळताना एका चाकाची पकड हँडलवरच्या खटक्याने सोडता येते का, हँडलला हात गरम ठेवायची सोय आहे का, विजेवर सुरू होतं का, हे मी बघितलं. दोरी ओढून इंजिन चालू करणं ऑक्टोबरच्या दुकानात सोपं वाटतं. उणे पंधरात तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा भिंतीवरच्या प्लगला वायर लावून बटण दाबणं हीच खरी चैन.

बॅटरीवरची मशीनं आता बरीच आली आहेत. आवाज कमी, पेट्रोलचा वास नाही, सकाळी शेजारी उठत नाहीत. अ‍ॅमहर्स्टच्या मैत्रिणीने तेच घेतलंय आणि तिला ते पुरतं. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि लिथियमची बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून ती घरात आणून ठेवावी लागते. दिवसातून तीन वेळा बर्फ काढायची वेळ आली की दुसरी बॅटरी हवी, आणि दुसऱ्या बॅटरीची किंमत ऐकली की पेट्रोलचा वास बरा वाटायला लागतो. वायरवालं मशीन स्वस्त आहे. छोट्या ड्राइव्हवेला हरकत नाही, मात्र बर्फाखाली गेलेली वायर सांभाळत फिरायची तयारी हवी.

मशीन घेतलं तरी फावडं सुटत नाही. पायऱ्या, दारापुढची जागा, गाडीच्या मागचा भाग, तिथे मशीन जात नाही. दोन फावडी ठेवावीत. एक रुंद, नुसतं ढकलायला, आणि एक खोलगट, उचलून टाकायला. फावड्याला आधी स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे मारला तर बर्फ चिकटत नाही.

फावड्यावरच भागवू म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. ६ मीटर रुंद, १५ मीटर लांब ड्राइव्हवे. त्यावर १५ सेंटिमीटर बर्फ, म्हणजे साडेतेरा घनमीटर. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो धरला तरी १३५० किलो झाले. ओला असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. एका फावड्यात पाच किलो घेतलं तर पावणेतीनशे वेळा वाकून उचलायचं, तेही प्लाऊची भिंत सोडून.

हे वाचून हसू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि त्यातच अचानक असं ओझं उचललं की हृदयावर ताण येतो. २०१४ च्या वादळात इथे जे लोक दगावले त्यांतले बरेच हृदयविकाराने गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात पहिले दोन मृत्यू जाहीर झाले तेही बर्फ काढताना हृदयावर आलेल्या ताणाने. आपल्याकडच्या माणसांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, हे माझा नवरा मला सांगत असतो आणि मी ग्रुपवर सांगत असते. हिवाळ्यात मुलांकडे राहायला आलेले बाबा-काका 'तेवढाच व्यायाम' म्हणत फावडं उचलतात, त्यांच्या हातून ते प्रेमाने काढून घ्या. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर प्रेमाचीही गरज नाही, सरळ काढून घ्या.

मशीनचा धोका वेगळा आहे. ओला बर्फ नळकांड्यात अडकतो. लोक इंजिन बंद करतात आणि हात घालतात. इंजिन बंद असलं तरी पंखा फिरवणाऱ्या बेल्टमध्ये ताण राहिलेला असू शकतो. अडकलेला बर्फ सुटताक्षणी पंखा थोडासा फिरतो, आणि बोटं जायला तेवढं फिरणं पुरतं. मशीनसोबत प्लास्टिकचा दांडा येतो तो याचसाठी. आमच्या घरात नियम आहे: इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि हात नाही, दांडाच. शेजारचे आजोबा पोलिश वंशाचे आहेत, सत्तरी ओलांडलेले, आणि सगळ्या गल्लीचा फुटपाथ स्वतःच्या मशीनने न सांगता साफ करतात. त्यांनी पहिल्या भेटीत मला दाखवलं ते इंजिन नव्हे, तो दांडा.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. पातं ज्यावर फिरतं त्या लोखंडी दांड्यावर 'शिअर पिन' नावाच्या छोट्या पिना असतात. बर्फाखालचं वर्तमानपत्र किंवा गोठलेला गोळा अडकला की त्या मुद्दाम तुटतात, म्हणजे महागडा गिअरबॉक्स वाचतो. चार-सहा पिना आणि एक पाना गॅरेजमध्ये टांगून ठेवा. त्या जागी साधा लोखंडी बोल्ट ठोकायचा जुगाड करू नका. बोल्ट तुटत नाही, मग गिअरबॉक्स तुटतो.

जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकत्या पट्ट्यांच्या काठ्या रोवून घ्या, नाहीतर जानेवारीत हिरवळ कुठे आणि डांबर कुठे, काही कळत नाही. बर्फ वितळवायला टाकायच्या मिठाचंही आधीच ठरवा. साधं जाडं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड घ्यावं लागतं. ताज्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात दोन्ही टाकू नका, त्याऐवजी वाळू टाका. ईरी सरोवर उथळ आहे, थंडी कडक पडली की जानेवारी-फेब्रुवारीत गोठतं, आणि मग लेक इफेक्टचा जोर बराच ओसरतो. तेव्हा बर्फापेक्षा निसरड्याचाच त्रास जास्त.

नव्याने आलेल्यांना माझं सांगणं एवढंच की पहिल्या वर्षी मशीन घेऊ नका. ट्रकवाल्याशी हंगामाचा करार करा, दोन फावडी आणा, आणि आपल्या दाराशी भिंत केवढी होते ते डोळ्यांनी बघा. मग एप्रिलमध्ये खरेदीला निघा. तेव्हा घर बदलून गरम राज्यात जाणारे लोक बरी मशीनं विकायला काढतात. जुनं घेताना समोर इंजिन थंड आहे ना हे हात लावून बघा आणि मगच चालू करायला सांगा. काही विक्रेते आधीच गरम करून ठेवतात, म्हणजे पहिल्या झटक्यात सुरू होतं. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते उन्हाळाभर पडून राहिलं की कार्बुरेटर चोंदतो. आणि सर्व्हिसिंगची वेळ ऑगस्टमध्येच घ्या. पहिल्या बर्फाचा अंदाज टीव्हीवर आला की दुरुस्तीवाले फोन उचलत नाहीत.