तुम्ही विचारलंत म्हणून: लुसियोच का?

फुटबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. ब्राझीलचा रोनाल्डो, रिव्हाल्डो, गेला बाजार काफू सोडून आवडता खेळाडू म्हणून तुम्हाला बचावपटू लुसियोच कसा सापडला? विचारणारा उत्तर खिशात घेऊनच आलेला असतो: लुसियोच्या चुकीमुळे झालेला इंग्लंडच्या ओवेनचा गोल. तर होऊनच जाऊ दे.

२१ जून २००२, शिझुओका. विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, आपल्याकडे भर दुपार. तेविसाव्या मिनिटाला इंग्लंडच्या हेस्कीने चेंडू पुढे ढकलला. पास काही भेदक वगैरे नव्हता. लुसियो वाटेतच उभा, ओवेन त्याच्या पाठीशी घुटमळतोय. अशा वेळी स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, काय करायचं हे शाळेतलं पोरही सांगेल: डोळे मिटून बाहेर हाणायचा. याला तो ताब्यात घ्यायचा होता. चेंडू अंगाला लागून निसटला, नेमका ओवेनच्या पुढ्यात. पुढे एकटा गोलकीपर मार्कोस. तो खाली झुकेपर्यंत ओवेन थांबला आणि वरून अलगद टाकला. ०-१.

बरं, हा माणूस जपानला आला होता कुठून? लेव्हरकुसेन या जर्मन क्लबकडून. लीग एका गुणाने गेली, जर्मन कप शाल्केने नेला. १५ मेला ग्लासगोत चॅम्पियन्स लीगच्या फायनलला रेआल माद्रिदविरुद्ध यानेच हेडरने बरोबरी साधून दिली, तर झिदानने तो हवेतला गोल मारला. एका मोसमात तीन घास हातातोंडाशी येऊन गेलेले, त्यावर हे.

‘रोनाल्डिन्होने वाचवलं त्याला,’ असं तुम्ही म्हणता. मध्यंतराआधी त्याने रिव्हाल्डोला गोल करून दिला, पन्नासाव्या मिनिटाला इंग्लंडचा गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून फ्री-किक घातली, २-१ झाले, सगळं कबूल. पण सत्तावन्नाव्या मिनिटाला तोच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, हे कुणी का सांगत नाही? पुढचा अर्ध्या तासाहून जास्त वेळ ब्राझील दहा जणांत खेळलं. तेव्हा मागे कोण होतं? त्यानंतर उपांत्य सामन्यात तुर्कस्तानला गोल करता आला नाही आणि फायनलला जर्मनीलाही नाही. समोर रामेलो, श्नायडर, नॉयव्हिल, म्हणजे लेव्हरकुसेनमधलेच सोबती. हां, नॉयव्हिलची फ्री-किक मार्कोसने खांबावर ढकलली नसती तर मी आज इतका तावातावाने बोलत नसतो, हेही खरं.

पूर्वी मी अशा वादात ट्रॉफ्या मोजायचो. जर्मनीच्या बायर्न म्युनिकमध्ये तीन वेळा लीग. मग २००९ साली प्रशिक्षक म्हणून व्हान हाल आले, याला जावं लागलं. आणि पुढच्याच मेमध्ये इटलीच्या इंटर मिलानच्या जर्सीत याने त्याच व्हान हालच्या बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल जिंकली, २-० अशी. ऐकणारा गप्प व्हायचा, मला जिंकल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, त्यात काय सिद्ध झालं? ते दोन्ही गोल इंटरच्या मिलितोचे.

२००६ च्या विश्वचषकात तो सलग ३८६ मिनिटं एकही फाउल न करता खेळला. विक्रमच तो. मी हे अभिमानाने सांगायचो, तर एका मित्राने विचारलं, ‘मग फ्रान्सकडून हरलात त्या सामन्यात आणखी एखादा करायला काय हरकत होती?’ याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मला आवडतं ते वेगळंच. शिझुओकानंतर दुसरा कुणी आयुष्यभर चेंडू प्रेक्षकांत मारत बसला असता. हा मात्र जागा दिसली की चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यापलीकडे धावत सुटायचा, बायर्नमध्येही, इंटरमध्येही. याला छाती म्हणायचं की खोड, मी दर दोन वर्षांनी मत बदलतो.

आणि ज्यांनी त्याला फक्त गोव्यात पाहिलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ब्राझीलचाच झिको प्रशिक्षक असलेल्या एफसी गोवात आला तेव्हा सदतिशीचा होता. २०१५ ची इंडियन सुपर लीगची फायनल गोव्याने फातोर्ड्यावर ८७व्या मिनिटाला २-१ पुढे जाऊनही चेन्नईयिनला २-३ अशी घालवली, पुढच्या वर्षी तर संघ तळाला. पाय जड झाले होते, ते स्टँडमधूनही कळायचं. तरी मोकळी जागा मिळाली की निघालाच पुढे. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, ‘अरे, मागे कोण थांबणार, तुझा बाप?’ त्या ओरडणाऱ्याचंही काही चुकत नव्हतं.