मागे कॅराव्हॅन असेल तर मुंबई-गोवा रस्त्याने उतरू नका: पनवेल ते कन्याकुमारी

निकाल आधी सांगते. मागे कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची राहायची खोली, जोडलेली असेल तर पनवेलहून मुंबई-गोवा रस्ता धरू नका. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असं जा आणि अंकोल्याला समुद्र गाठा. अंतर वाढतं, टोल वाढतो, डिझेल वाढतं. तरीही तसंच जा. कोणी म्हणालं की "आता रस्ता झालाय, पहाटे निघालात तर जेवायला सावंतवाडी", तर त्याला एवढंच विचारा की तू मागे काही ओढत गेला होतास का.

आम्हाला हे वाक्य नात्यातल्यांनी ऐकवलं, कोकणात दर महिन्याला जाणाऱ्या शेजाऱ्यांनी ऐकवलं, कॅराव्हॅन विकणाऱ्यानेही ऐकवलं. नुसत्या कारसाठी ते बरंचसं खरं आहे. कशेडीचे जुळे बोगदे झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा घाटाचा वैताग संपला, आणि राजापूरच्या पुढे बांद्यापर्यंतचा चौपदरी रस्ता उत्तम आहे. पण 2011 पासून रुंदीकरण चालू असलेल्या या रस्त्याचा जो तुकडा आमच्या वेळी अर्धवट होता, तोच सगळा प्रवास ठरवतो. तो तुकडा म्हणजे सुकेळी खिंड उतरल्यापासून कोलाड, इंदापूर, माणगाव आणि पुढे लोणेरेपर्यंत. नकाशावर तो किरकोळ दिसतो. आमचा त्यात जीव गेला.

पनवेल ते कन्याकुमारी हा सगळा राष्ट्रीय महामार्ग 66 आहे, सुमारे 1600 किलोमीटर. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, आणि रस्त्याचा क्रमांक एकच. नवऱ्याच्या मनात हे फार दिवस होतं. राजस्थानला जाऊन आलो होतो, त्यामुळे ओढायची सवय दोघांनाही होती. आमची कॅराव्हॅन भरल्यावर टनाच्या वर जाते, पुढे डिझेलची मोठी एसयूव्ही. ती सोसायटीच्या गेटमधून आत येत नाही, म्हणून कल्याण फाट्याजवळच्या एका शेडमध्ये भाड्याने ठेवतो. तिथून तळोजा, कळंबोली, पळस्पे असं निघालो. पेण-वडखळ ठीक. नागोठणे ठीक. मग कोलाड.

तिथे नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या. काँक्रीटचा सरळ रस्ता चालू असतो, तुम्ही साठच्या वेगात असता, आणि अर्धवट पूल आला की रस्ता एकदम संपतो. समोर पिंपं किंवा मातीचा ढिगारा, डावीकडे खाली उतरणारा सेवा रस्ता. काँक्रीटची कड आणि खालचं डांबर यांत चांगली वीतभर पायरी. कार ब्रेक मारते, वळते, उतरते, पुढे जाते. कॅराव्हॅनचं तसं होत नाही. गाडीची मागची चाकं पायरी उतरलेली असतात आणि कॅराव्हॅनची चाकं अजून वर असतात, त्या क्षणी दोघांमधला जोड सगळ्यांत खाली येतो. पुढचं टेकू-चाक (कॅराव्हॅन सुटी उभी असताना तिचं पुढचं टोक पेलणारं) पूर्ण वर ओढून घट्ट केलेलं असलं तरी त्याचा ब्रॅकेट त्या कडेवर आपटतो. दुसरं म्हणजे वळण इंग्रजी एस अक्षरासारखं असतं. तुमची गाडी पिंपापासून हातभर लांबून गेली तरी मागची चाकं आतून कापत येतात आणि पिंपाला लागतात. तिसरं, आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅनना धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो: गाडी मंदावली की कॅराव्हॅन पुढे रेटते, जोड दाबला जातो आणि त्याने तिचे ब्रेक लागतात. दर शंभर मीटरला ब्रेक मारावा लागला की ती तितक्यांदा पाठीत ढकलते. अशा धक्क्यांत माझी मान दोन दिवस आखडली होती.

इंदापूरच्या अलीकडे आमचा ब्रॅकेट वाकला आणि तेरा पिनांची वायर रस्त्यावर घासून सोलली गेली. मागचे सगळे दिवे गेले. ना इंडिकेटर, ना ब्रेकलाइट, मागे वाळूचे डंपर. "अगं, हात बाहेर काढ, डावीकडे दाखव," असं नवरा ओरडतोय आणि मी खिडकीतून हात हलवतेय, अशा अवस्थेत माणगाव गाठलं. वाटेत एक क्रेनवाला थांबला होता. त्याने नुसतं जरा पुढे ओढून द्यायचे आठ हजार सांगितले आणि "रात्र झाली की पंधरा घेईन" असंही म्हणाला. त्याला एक रुपया दिला नाही. तुम्हीही देऊ नका. अशा ठिकाणी क्रेनची गरज नसते, गरज असते वेल्डिंगची आणि वायरमनची, आणि माणगावात दोन्ही मिळतात. फॅब्रिकेशनवाल्याने ब्रॅकेट सरळ करून वर पट्टी मारून दिली, वाजवी पैसे घेतले, चहाही पाजला. मी सोबत सात-कोअरची वायर, इन्सुलेशन टेप, प्लॅस्टिकचे टाय आणि मागे लावायचे चुंबकाचे दोन लाल दिवे आता कायम ठेवते. ते दिवे त्या दिवशी असते तर निम्मी भीती गेली असती.

माणगावचं वेगळं सांगायला हवं. ताम्हिणीकडून पुण्याची वाहतूक तिथेच उतरते, श्रीवर्धन-दिघीची वाहतूक तिथूनच फुटते, आणि सगळं भर बाजारपेठेतून जातं. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी तिथे टनभर वजन ओढत अर्ध्या क्लचवर सरकणं म्हणजे क्लचप्लेट जाळणं. आम्हाला वास यायला लागला तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि थंड होईपर्यंत बसलो. मागून शिव्या आल्या. येऊ देत. क्लच गेला तर कॅराव्हॅनसकट तिथेच मुक्काम.

एवढं सांगूनही ज्यांना याच रस्त्याने जायचं आहे त्यांच्यासाठी: रात्री हा तुकडा मुळीच करू नका. वळवलेल्या रस्त्यांवर चकचकीत पट्ट्या कमी, बाण त्याहून कमी. मुंबईहून दुपारी निघा, एक्स्प्रेसवेने किंवा जुन्या रस्त्याने खोपोली, तिथून पाली. खोपोली-पाली-वाकण रस्त्याने पेण-वडखळ टळतं. बल्लाळेश्वराच्या पालीत राहा, लॉजवाल्याला आवार सपाट आहे का विचारून घ्या, आणि उजाडताच वाकणला महामार्गाला लागा. माणगाव लवकर पार झालं तर बाजार झोपलेला असतो. पुढे कशेडीचा बोगदा, परशुराम घाट, चिपळूण. चिपळूणला बांधकामातला उड्डाणपूल ऑक्टोबर 2023 मध्ये कोसळला होता, त्यामुळे तिथेही आणि संगमेश्वरलाही आम्ही रेंगाळलो. गणपतीत आणि भर पावसाळ्यात हा विचारच सोडा. फोनवरचा नकाशा मध्येच कुठल्यातरी घाटाने वर-खाली करायला सांगेल. अनुस्कुरा, भुईबावडा, तिलारी: मागे काही ओढत असताना या तिन्ही नावांना स्पष्ट नकार. तिलारीची वळणं आणि चढ असे आहेत की अडकलात तर मागे घ्यायलाही जागा नाही.

गोवा, कारवार, गोकर्ण, मरवंते इथे त्रास झाला नाही. मरवंतेला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, सुंदर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये काळी नदीवरचा जुना पूल पडल्यापासून कारवारला शिरताना नव्या पुलावरच दोन्ही बाजूंची वाहतूक असते, जरा थांबावं लागतं, एवढंच.

राग आला तो टोलवर. कर्नाटकातल्या एका नाक्यावर बॅरियर पडला. गाडीचा फास्टॅग कार-जीप-व्हॅन वर्गाचा, वर्षाचा पासही घेतलेला (खासगी कारसाठी 15 ऑगस्ट 2025 पासून मिळतो, सुरू झाला तेव्हा 3000 रुपये, 200 फेऱ्या). तिथला माणूस म्हणाला, गाडीचे आणि कॅराव्हॅनचे मिळून तीन आस (ॲक्सल) दिसतात, तीन आसांच्या ट्रकचा दर भरा. तोवरच्या नाक्यांनी आम्हाला कार म्हणूनच सोडलं होतं. मी खाली उतरले आणि दरफलकापाशी जाऊन दाखवलं की त्या ओळीत तीन आसांची व्यावसायिक वाहनं लिहिलंय. आमची पाटी पांढरी, आरसीवर खासगी नोंद. ही ओळ आम्हाला लागू होत नाही, असं माझं म्हणणं होतं आणि आहे. मॅनेजर आला, मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. नवरा म्हणाला, "जाऊ दे, भरून टाकू." मी नाही भरले. महामार्गाच्या मदत क्रमांकाला, 1033 ला, फोन लावला, तक्रारवही मागितली, वही मागताच आवाज खाली आला आणि बॅरियर वर गेला. पुढच्या एका नाक्यावर मात्र तोच वाद घालूनही जास्तीचे पैसे कापले गेले, त्याची तक्रार बँकेकडे केली आहे.

म्हणून हे करा. कॅराव्हॅनची नोंदणी, विमा आणि गाडीची आरसी यांची छापील प्रत हाताशी ठेवा, फोनमध्ये नको, कारण फोन तुम्हाला 1033 साठी लागणार आहे. सगळ्यांत डावीकडची रुंद मार्गिका धरा, मधल्या मार्गिकेत कडेचे कठडे आरशांना घासतात. दर नाक्यानंतर मेसेज वाचा. दहा मिनिटं वाद घालायची तयारी ठेवा, आवाज चढवू नका, दरफलकाकडे बोट दाखवा. वही मागा. दरवेळी मागा.

केरळमध्ये सहापदरीकरण. मलप्पुरममध्ये कूरियाड इथे मे 2025 मध्ये बांधकाम चालू असलेला महामार्ग खचला होता, त्यामुळे आम्ही धास्तावूनच शिरलो. तिथेही सेवा रस्ते, तिथेही पायऱ्या, शेजारी उघडी गटारं. पण वळणाच्या आधी झेंडा घेतलेला माणूस उभा दिसला आणि वेग आपोआप कमी झाला. कोलाडला एवढंच केलं असतं तर आमचा ब्रॅकेट वाचला असता. तलश्शेरी-माहे बायपासवर, जो 2024 मध्ये सुरू झाला, आम्ही अक्षरशः हुश्श केलं. कन्याकुमारीला पोचलो तेव्हा दोघांनाही इतकं थकायला झालं होतं की सूर्योदय पाहिला आणि परत झोपलो.

परतीला 66 चं नावही काढलं नाही. मुप्पंदल, मदुराई, बंगळुरू, हुबळी, कोल्हापूर. मुप्पंदलच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यात आडवा वारा असताना शेजारून भरधाव बस गेली आणि कॅराव्हॅन डोलायला लागली. असं झालं की ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ती शांत होते. डोलणं मुळात टाळायचं असेल तर वजन नीट लावा: गाडीच्या मागे ज्या गोळ्यावर जोड बसतो त्यावर कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. टेकू-चाक वर घेऊन जोडाखाली लाकडी दांडा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला की मोजता येतं. काट्याची मर्यादा आधी बघा. पाच किलोचा सिलिंडर, बॅटरी, डबे हे सगळं आसाच्या वर किंवा किंचित पुढे. शेवटच्या कपाटात जड काही नको. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, म्हणून घाटाआधी टाकी अर्धी करा, पाणी सगळीकडे मिळतं. आणि "कुठलीही गाडी ओढेल" असं विकणारा सांगेल त्यावर विसंबू नका, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा.

सातारा-कागल पट्ट्यातही काम चालू होतं, वळवलेले रस्ते तिथेही होते. फरक असा की तिथे उतार सौम्य आणि रुंद वाटले, कारण तिथून रोज मोठे कंटेनर जातात आणि त्यांना उतरता येईल असंच करावं लागतं. कॅराव्हॅनसाठी रस्ता निवडताना मी आता हेच बघते: कंटेनर कुठून जातात. हुबळी-अंकोला रस्ताही याच कारणासाठी सुचवते. अरबैल घाट आहे, पण ट्रकवाल्यांचा रोजचा घाट आहे. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. घाट उतरल्यावर थांबा, चाकांच्या तबकड्यांजवळ हात नेऊन किती तापल्यात ते बघा आणि चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळा. आमचे दोन सैल निघाले होते.