मान्ना आणि मधल्या खोलीतला कापूस

5 जानेवारी 2026, सोमवार

नाताळची चांदणी अजून ओसरीवर लटकते आहे. काढू काढू म्हणते, राहून जातं. मधल्या खोलीत कापूस भरलाय, छताला टेकायला दोन हात कमी. म्हणून पहाटेचं वाचन हल्ली चुलीशी बसून. कापूस घरात असला की दिवा, विडी, काडेपेटी सगळं त्या दाराच्या बाहेर. सासूबाईंनी खाट दाराशीच टाकली आहे. राखणीला नाही, ऊब लागते म्हणून, असं त्या म्हणतात. रात्रभर अंग खाजवत असतात, पण खाट काही हलवत नाहीत.

आज बायबलातलं निर्गम 16. मिसरातून, म्हणजे इजिप्तातून, निघून रानात भुकेलेले इस्राएली लोक, त्यांची कुरकुर, आणि सकाळी दव उडाल्यावर जमिनीवर पडलेला मान्ना, देवाने आकाशातून धाडलेलं अन्न. माणशी एक ओमर गोळा करायचा. ओमर म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. जास्त गोळा करणाऱ्याचं उरलं नाही, कमी करणाऱ्याला उणं पडलं नाही. सकाळपर्यंत ठेवायचा नाही असं सांगूनही काहींनी ठेवला, त्यात किडे पडले, वास सुटला आणि त्यांचा पुढारी मोशे रागावला.

हा अध्याय लहानपणापासून ऐकत आले. रविवारच्या शाळेत यावर चित्रं काढली. पण आज पहिल्यांदा वाटलं की ठेवणाऱ्यांचं काय चुकलं? लेकरांसाठी ठेवला असेल. कालपर्यंत उपाशी असलेलं माणूस दोन मुठी बाजूला ठेवणारच.

आम्ही तर अठरा क्विंटल ठेवलाय.

दळायला जाताना डोक्यात हेच. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मी रोज म्हणते, पण शेतकऱ्याकडे रोज येतं काय? येतं ते वर्षातून एकदा, आणि आल्या आल्या कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोरीची फी यांत वाटलं जातं. नोकरदाराची प्रार्थना महिन्याची, मजुराची दिवसाची. आमची एका हंगामाची. एकाच ओळीत तिघांचं कसं बसवायचं?

6 जानेवारी, मंगळवार

रात्रीची लाईट होती. हे चन्याला पाणी द्यायला वावरात गेले ते पहाटे चारला आले, पाय गारठून निळे. चहा दिला. मग मी झोपलेच नाही, बायबलातलं यहोशवाचं पुस्तक उघडलं.

पाचव्या अध्यायात एक ओळ आहे, तिच्यावर मी कधी थांबले नव्हते. चाळीस वर्षं पडलेला मान्ना बंद कधी झाला? लोक कनानात, देवाने देऊ केलेल्या देशात आले, गिलगालाला तळ पडला, वल्हांडणाचा सण झाला, त्यांनी त्या देशाचं पीक खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद. म्हणजे वावरातलं खायला लागले आणि आकाशातून पडायचं थांबलं. पुढे पेरा, राखा, साठवा. मिसरात योसेफाने सात वर्षं कोठारं भरली, तेव्हा देवाने त्यात किडे पाडले नाहीत. मान्नाच्याच गोष्टीत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, आणि शब्बाथासाठी, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवलेला तो सडला नाही. एक ओमर तर पुढच्या पिढ्यांना दाखवायला भांड्यात जपून ठेवला होता. म्हणजे साठवण्यात पाप नाही. एवढं कळल्यावर मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. चहा दुसऱ्यांदा टाकला.

आमचे जुने पाळक आठवले. यवतमाळला तेव्हा सेमिनरी, पाळकांना शिकवणारी संस्था, होती, 1983 साली ती पुण्याला गेली. तिथे शिकलेले. ग्रीकचे वेडे. एकदा अभ्यासवर्गात त्यांनी सांगितलं होतं की "रोजची" या जागी मुळात जो ग्रीक शब्द आहे, एपिऊसिओस, तो या प्रार्थनेखेरीज दुसरीकडे जवळपास सापडतच नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन स्वतः ग्रीक बोलणारा, त्यालाही तो लोकांच्या बोलण्यात आढळला नाही. आजची, गरजेपुरती, येणाऱ्या दिवसाची, असे नाना अर्थ लावतात. जेरोम नावाच्या जुन्या पंडिताने इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात तिथे "उद्याची" असा शब्द पाहिला होता म्हणे. तेव्हा मागच्या रांगेतून सासूबाई बोलल्या होत्या, "मंग बरोबर हाये नं पाळकसाहेब. उद्याची भाकर आज असली तं झोप लागते." सगळे हसले होते. पाळकही.

8 जानेवारी, गुरुवार

आज कापूस वेचणारी मावशी आली. ओसरीच्या खांबाला टेकून बसली, पाणी प्याली, चन्याचं विचारलं, पोरीच्या कॉलेजचं विचारलं. मजुरीचं बोलली नाही. उठता उठता म्हणाली, "उद्या बजार हाये नं बाई." बस, एवढंच.

दुसऱ्या वेचणीची मजुरी तशीच बाकी आहे. चार बाया, सहा दिवस, नऊ क्विंटल साठ किलो. दहा रुपये किलोने 9600. दर बाजाराला देतो असं ठरलेलं, आणि आता दोन बाजार कोरडे गेले. पहिल्या बाजाराला हे म्हणाले नंबर लागतोच आहे. दुसऱ्यालाही तेच म्हणाले.

नंबर म्हणजे सरकारी खरेदीचा. यंदा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110, पण त्यासाठी मोबाईलवर नोंदणी, मग तारीख, मग ओलावा. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. गावातला व्यापारी 7200 देतो, रोख, ओट्यावर येऊन. ऑगस्टात बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ झालं तेव्हापासून त्याची जीभ फारच गोड झाली आहे. म्हणून आम्ही थांबलो. थांबताना मी रोज सकाळी प्रार्थना करत होते की प्रभू, तारीख लवकर लागू दे, आमचा तुझ्यावर भरवसा आहे.

संध्याकाळी बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 24वा अध्याय उघडला. शोधत नव्हते असं म्हणणार नाही, कुठे आहे ते मला माहीत होतं. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. तिथून याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय. तिथे तर मजुराला तोंडही उघडावं लागत नाही, अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. मावशीच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, आमच्या मंडळीत ती नाही, ती याकोब वाचणार नाही. ती तर काही बोललीच नव्हती.

म्हणजे मी ज्याला भरवसा म्हणत होते तो मावशीच्या उधारीवर चालला होता. भाकर मी देवाजवळ मागत होते आणि थांबली होती तिची.

जेवताना विषय काढला. "दोन क्विंटल व्यापाऱ्याला देऊन टाकू."

"अठराशे वीस रुपयाचं नुकसान हाये," हे म्हणाले. आकडा तोंडपाठ होता, म्हणजे यांनीही तो आधी मांडून पाहिला होता.

"माहीत आहे."

"आन् परवा नंबर लागला तं?"

मी काही बोलले नाही. वाढत राहिले. अंबाडीची भाजी यांना आवडते, आज त्यांनी तिला हात लावला नाही. थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाले, "तुह्या शास्त्रात व्यापाऱ्यासाठी काई लिहेल नाई काय?" आहे. खोटी मापं, खोटे तराजू, संदेष्ट्यांनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. पण मी ते आत्ता काढलं नाही.

9 जानेवारी, शुक्रवार

सकाळी आठला व्यापाऱ्याचा छोटा हत्ती आला. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून दाबला, हुंगला आणि "ओल हाय भाऊ" म्हणाला. ते तो दर वर्षी म्हणतो. हे काटा सोडून हलले नाहीत. 7200 वरच तुटलं. 14,400 हातात आले.

कापूस भिंतीकडून काढला, खालचा आधी जावा म्हणून. भिंतीला लागलेला थर पिवळा पडला होता, कवडी झाली होती. आणि खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुलाबी अळ्या. दहा-पंधरा असतील, तांदळाएवढ्या, वळवळणाऱ्या. माझ्या अंगावर काटा आला. मी यांच्याकडे पाहिलं.

"लावू नको," हे म्हणाले. "मान्नाशी लावू नको. बोंडअळी हाये थे. वेचतानाच सरकीत बसून येते." त्यांचं खरं आहे. 2017 साली अख्ख्या विदर्भाची पऱ्हाटी या अळीने पोखरली, तेव्हा आम्ही घरात दोन दिवससुद्धा काही साठवलं नव्हतं, साठवायला होतंच काय. ती अळी कोणाच्या पापपुण्याचा हिशेब ठेवत नाही. तरी मी लावलाच, मनातल्या मनात. सासूबाईंनी केरसुणीने त्या सुपात घेतल्या आणि अंगणात झटकल्या. कोंबड्यांनी मिनिटभरात साफ केल्या.

दुपारी चारच्या आत चौघींना बोलावलं. प्रत्येकीचे किलो वहीत होतेच. मावशीचे दोन क्विंटल सत्तर. 2700 रुपये तिने दोनदा मोजले, पदराच्या गाठीत बांधले, गाठ कमरेला खोचली. मी म्हटलं, "मावशी, उशीर झाला." सांगायला अजून बरंच होतं, पण तेवढंच तोंडातून निघालं.

"होतो उशीर," ती म्हणाली. राग नव्हता, पण उशीर नाही झाला असंही म्हणाली नाही. ते मला बरं वाटलं.

बाकीच्या तिघी बाजाराच्या वाटेला लागल्या. ती फाटकाशी थांबली.

"बाई, वावराच्या धुऱ्यावर पऱ्हाटी उपटून ठेवेल हाये तुमची. थंडी लय पडून राह्यली. दोन भारे नेऊ काय?"

"न्या की. तीन न्या."

"तीन उचलत नाई आता," ती म्हणाली, आणि बाजाराची पिशवी काखेत मारून निघाली.