एका पेपरचे दोन मथळे

करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका शाळेत मी सातवीला शिकवतो. परिपाठाला एका मुलानं पुढं येऊन चार मथळे घडाघडा वाचायचे आणि बाकीच्यांनी हाताची घडी घालून ऐकायचे, हा प्रकार मला कधीच पटला नाही. पेपर मुलांच्या हातात पडला पाहिजे, चुरगळला पाहिजे. म्हणून मी शहरातून येताना एक अंक आणतो, मुलंही घरचे आणतात.

जुलैतली ती सकाळ धो धो पावसाची. माझ्या अंकात मथळा होता, ‘पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली’. मधल्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठला. “सर, आमच्यात तसं न्हाई!” त्याच्या हातात त्याच पेपरचा, त्याच तारखेचा अंक होता. मथळा मात्र ‘पंचगंगा इशारा पातळीकडे’.

वर्गात एकच कालवा. “गावात येतोय त्यो पेपर खोटा असतोय,” असंही एकानं ठोकून दिलं. मी दोन्ही अंक शेजारी पसरले आणि फरक शोधायला सांगितलं. नाव, तारीख, किंमत, सगळं तेच. शेवटी एका मुलीनं बातमीच्या आत बोट ठेवलं. एकात पातळी रात्री आठची होती, दुसऱ्यात रात्री एकची. खेड्यांकडं जाणारी आवृत्ती आधी छापून गाडीत चढते, शहराची उशिरा निघते. मधल्या वेळात नदी चढली होती. दोन्ही बातम्या खऱ्याच, आपापल्या वेळेपुरत्या.

मग गणिताचा तास पेपरवरच झाला. ही पातळी मोजतात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. इशारा 39 फुटांना, धोका 43 फुटांना. आमचं गाव बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, हे मुलांनीच फळ्यावर नदी काढून दाखवलं. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं, असं बातमीत होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि घनफुटात साधारण 28 लिटर. गुणाकार चाळीस हजारांच्या घरात गेला. शाळेची टाकी हजार लिटरची. “म्हंजे सेकंदाला चाळीस टाक्या?” असं म्हणून पोरं गप्पच झाली. पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणानं मी त्यांना इतकं गप्प झालेलं पाहिलेलं नाही.

तेवढ्यात तो मुलगा माझ्याजवळ आला. “सर, आण्णा ह्योच पेपर वाचून म्हशी उद्या हलवूया म्हणालेत.”

मी तिथूनच त्याच्या वडिलांना फोन लावून दिला. बोलला तोच, ठामपणे. “आण्णा, ते रात्री आठचं हाय. आता लई वाढलंय.” दुपारपर्यंत म्हशी उंचावरच्या सोनतळीला पोचल्या होत्या.

पूर ओसरून शाळा भरली, तेव्हा मुलांनी संपादकांना पत्र लिहिलं. पत्ता त्यांनीच शोधला, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव असतं त्या बारीक अक्षरांच्या ओळीत. मागणी एकच होती. पातळीच्या आकड्याशेजारी, मथळ्यातच, वेळ छापा. ते पत्र अजून छापून आलेलं नाही. पण आता अंक हातात पडला की मुलं आधी वाचकांच्या पत्रांचं पान काढतात, आणि तिथली दुसऱ्यांची पत्रंही वाचून काढतात.