उझुमाकी : एक भाग जमला, तीन घाईत गेले

शनिवार, रात्री

आज 'उझुमाकी' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे (अ‍ॅनिमेचे) चारही भाग सलग पाहिले. एका गावाला वेटोळ्याच्या आकाराचा शाप लागतो, अशी ही गोष्ट. पहिला संपेपर्यंत वाटतं, भयकथेच्या अ‍ॅनिमेत याच्या तोडीचं फार थोडं आहे. दुसऱ्या भागात ते टिकत नाही. सगळे खापर चित्रांवर फोडतात. चित्रं बिघडली हे खरंच, पण जास्त नुकसान केलं ते कमी वेळेनं.

आधी जमलेलं. जुन्जी इतो यांच्या मूळ मांगातली (जपानी चित्रकथा, १९९८-९९) भीती रेषांमध्ये आहे: बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या, दाट. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा यांनी रंग न भरता कृष्णधवलच ठेवलं. किरिए ही नायिका, शुइची तिचा मित्र. शुइचीचे वडील गल्लीत उकिडवे बसून भिंतीवरच्या गोगलगायीकडे टक लावतात, किरिए हाक मारते, ते वळतसुद्धा नाहीत. प्रसंग लांबतो आणि त्या लांबण्यातच अस्वस्थता साठते. पुढे गोल टबात वेटोळं होऊन पडलेला त्यांचा देह, मग स्मशानाच्या धुराचं आभाळात उठून तळ्याकडे झुकणारं भोवऱ्यासारखं वळण. कॉलिन स्टेटसन यांचं संगीत इथे फार नेमकं बसलंय. श्वास न तोडता सॅक्सोफोन वाजवण्याबद्दल ते ओळखले जातात. या कथेला असाच न थांबणारा सूर हवा होता.

आता बिघडलेलं. रंगीत अ‍ॅनिमेत चेहऱ्यावर सपाट सावली टाकली तरी भागतं. इथे उठाव फक्त रेषांवर उभा आहे. त्या विरळ झाल्या की चेहरा कोरा दिसतो, पात्र पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखं वाटतं, चालणं घसरतं. दुसऱ्या भागापासून नेमकं हेच होतं. मालिका २०१९मध्ये जाहीर झाली आणि सप्टेंबर २०२४मध्ये आली. निर्माते जेसन डिमार्को यांनी उघडच सांगितलं, की मध्ये कुणीतरी दगा दिला आणि एकच भाग दाखवून थांबण्याऐवजी चारही दाखवायचं ठरलं. तो निर्णय मला पटतो. अर्धवट कथा याहून वाईट.

पण हिशेब बघा: मांगाची सुमारे २० प्रकरणं, भाग ४. म्हणजे प्रकरणाला सरासरी पाचेक मिनिटं. मांगात प्रत्येक विपरीत गोष्ट आधी क्षुल्लक वाटते, मग वाढते, मग गळ्याशी येते. मालिकेत केसांची झुंज, गोगलगाय होत जाणारी मुलं असं एकामागून एक येऊन आदळतं. एकाचा धक्का बसायच्या आत दुसरं सुरू. किरिए एवढं सगळं पाहून दुसऱ्या दिवशी शाळेत कशी जाते, हा प्रश्न मांगात फारसा पडत नाही. इथे पडतो, कारण दिवसांमधलं अंतरच उरलेलं नाही.

पाहणाऱ्यांसाठी: मोबाइलवर नको, बारीक रेषा एकत्र होऊन राखाडी चिखल दिसतो. मोठा पडदा, जास्तीत जास्त रिझोल्यूशन, अंधारी खोली आणि हेडफोन. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करा. स्थिर धरलेल्या चित्रांच्या कडा त्यानं फिसकटतात. पहिल्या भागानंतर थांबून मांगा उजवीकडून डावीकडे वाचा, गोगलगायींचं आणि हॉस्पिटलमधल्या गरोदर बायकांचं प्रकरण तरी नक्कीच. मग उरलेले तीन भाग पाहिलेत, तर गाळलेल्या जागा तुम्हाला स्वतःच भरता येतील.