तिथी बघून गाठायचा समुद्र

बडोद्यातल्या माणसाला समुद्र म्हटलं की दीव नाहीतर दमण आठवतं. घरापासून ऐंशीएक किलोमीटरवर, जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला समुद्र आहे हे ठाऊक असतं, पण तिकडे कुणी समुद्रावर म्हणून जात नाही. स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला म्हणून जातात. गेल्या वर्षी मीही तसाच गेलो, रविवारी, आपल्या सोयीने. गाडी लावली, नारळ घेतला, काठावर आलो तर समोर नुसतं गढूळ पाणी. नारळवाल्याला विचारलं, देऊळ कुठाय? त्याने पाण्याकडे बोट केलं. “अंदर छे.” हे देऊळ दिवसातून दोनदा भरतीत बुडतं, एवढं तर मलाही माहीत होतं. वेळ विचारून निघावं हे मात्र सुचलं नव्हतं.

या हिवाळ्यात गुहागरची मावशी आली. तिला हे सांगितल्यावर ती हसता हसता खोकायलाच लागली. “समुद्रावर जाताना वार बघतात का रे? तिथी बघतात.” भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. पौष वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे कोकणातलं पाठ गणित. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातला ओहोटी. आठच्या आसपास पोचलो तर देऊळ कोरडं.

म्हणून पहाटे सहाला, ऐन थंडीत, दांडिया बाजारातून निघालो. पादरा मागे पडलं की काळी जमीन सुरू होते, कापूस आणि तूर, मध्ये गांड्या बावळीची, म्हणजे वेड्या बाभळीची, झुडपं. जंबुसरच्या अलीकडे एका टपरीवर पोंक मिळाला. मावशीने एक मूठ तोंडात टाकली आणि म्हणाली, हा तर हुरडा. मी हो म्हटलं. नावावरून इथे वाद घालण्यात अर्थ नसतो, आम्ही तीन पिढ्या असंच हो म्हणत आलोय.

सव्वाआठला काठावर उभे राहिलो. देवळाचं शिखर आणि खांबांचा वरचा भाग पाण्याबाहेर होता, बाकी सगळं पाण्यात.

मावशी बराच वेळ गप्प. मग, “तुमचा समुद्र चुकलाय.”

चुकलं होतं ते गणित, कारण ते मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं. इथला समुद्र म्हणजे खंभातचं आखात, आणि ते म्हणजे नरसाळं. खुल्या समुद्रातून भरती आत शिरते, दोन्ही काठ जवळ येत जातात, तळ उथळ होत जातो आणि पाण्याला वर चढण्याखेरीज जागा उरत नाही. त्यामुळे इथे भरती येते काही तास उशिरा, पण येते ती भलतीच. मुंबईला मोठ्या उधाणातही भरती-ओहोटीत पाचेक मीटरचा फरक पडतो. समोरच्या काठाला, भावनगरकडे, तो दहा मीटरच्या वर जातो. देवळाच्या आश्रमात भरतीच्या वेळांचा कागद मिळतो. तो आधी घेतला असता तर दोन तास झोप मिळाली असती. पण मग देऊळ पाण्यातून वर येताना दिसलं नसतं, हेही खरं.

पाणी उतरेपर्यंत जवळच्या कावी गावात गेलो. तिथली सासू-सुनेची जैन देरासरं सोळाव्या शतकाच्या अखेरची. सासूने आदिनाथांचं देऊळ बांधलं, त्याचं दार ठेंगणं. उंच सून म्हणाली, दार जरा उंच हवं होतं. सासूने टोमणा मारला, माहेरून पैसे आण आणि बांध तुला हवं तेवढं उंच. सुनेने खरंच पैसे मागवले आणि शेजारी धर्मनाथांचं बांधलं. दंतकथाच, पण मावशीने दोन्ही दारांतून मान वाकवून आणि न वाकवता जाऊन खात्री केली आणि निकाल सुनेच्या बाजूने दिला.

अकराला परत आलो तर समुद्र नाहीसा. नजर पोचेल तिथवर राखाडी, चकचकीत चिखल. इथे महीसागर नदी आखाताला मिळते आणि ती वाहून आणते तो गाळ सगळा इथेच. याच गाळाने पलीकडचं खंभात, एके काळचं केवढं बंदर, बुजवून टाकलं. 1930 च्या मार्चमध्ये दांडीला निघालेले गांधीजी याच महीतून रात्री होडीने कारेलीला उतरले, तेही भरतीची वेळ साधून, आणि तरी शेवटी चिखल तुडवावाच लागला होता.

दर्शन शांतपणे झालं. तारकासुर शिवभक्त होता, त्याला मारल्याचं प्रायश्चित्त म्हणून कार्तिकेयाने हे लिंग स्थापलं अशी स्कंदपुराणातली कथा. पिंडीवर अजून ओल होती आणि कोपऱ्यात गाळाचा पातळ थर.

पायऱ्यांच्या कडेला चिखलात काहीतरी टुणकन उडालं. बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पाण्याबाहेर खुशाल चालतोय. “अगंबाई, निवट्या!” मावशी ओरडली. टोपली घेतलेला एक मुलगा म्हणाला, लेवटा. तो बिळात कोपरापर्यंत हात घालून ते काढत होता. फोटोसाठी मी एक पाऊल पायरीखाली टाकलं आणि पोटरीपर्यंत आत गेलो. “ओढू नको! आधी टाच हलव,” मावशीने वरून सांगितलं. पाय सुटला. चप्पल महीसागराला. इथे पोहणं, वाळूत बसणं असलं काही मनात आणू नये. वाळूच नाही.

आश्रमात खिचडी-कढी जेवलो. तीननंतर भोंग्यावरून हाका सुरू झाल्या, सगळ्यांनी वर या. लाट म्हणून आलीच नाही. आधी चिखलातल्या भेगा चमकल्या, मग त्या एकमेकींना मिळाल्या, मग पाण्याची एक तपकिरी कड पुढे सरकू लागली, माणूस भरभर चालतो त्या वेगाने. बिळांतून बुडबुड आवाज येत होता. पायऱ्या एकेक करून गेल्या. देवळातली बेलाची पानं आणि झेंडू तरंगत बाहेर आले आणि खांबांभोवती फिरत राहिले. पाऊण तासात शिखराचा तुकडा उरला, त्यावर एक बगळा.

परतताना पादऱ्याला तुरीच्या शेंगा घेतल्या. मी अनवाणीच गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर मावशी गुहागरला फोनवर सांगत होती, “समुद्र कसला, चहाच तो, दुधाचा. रेती नाही, लाट नाही... नाही गं, दीडला नाही, साडेपाचला पूर्ण भरती. इथे वर चार तास धरायचे. हो, लिहून घे.”