चारने गुणायची घाई

थंडी पडली की आमच्या यावल तालुक्यात शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजेपर्यंत आम्ही घरातलेच पाच-सहा जण पोकर खेळतो. पैसे लावत नाही, भुईमुगाच्या शेंगा हेच चिप्स. दोन हिवाळे मीच सगळ्यात आधी रिकामा व्हायचो आणि तेही हिशोब करून खेळत असताना, हे मला फार लागायचं.

एक हात सांगतो. माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामचीच सत्ती, फ्लॉपवर (मध्ये उघडलेली पहिली तीन पानं) अजून दोन बदाम, म्हणजे आणखी एक आला की पाच बदामांचा फ्लश. न दिसलेली ४७ पानं, त्यात ९ बदाम. ठोकताळा सगळ्यांना माहितीये, दोन पानं यायची असतील तर आऊट्सला (आपला हात बनवणाऱ्या पानांना) चारने गुणायचं, एकच राहिलं असेल तर दोनने, की हात बनायचे टक्के अंदाजे कळतात. नऊ चोक छत्तीस. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६० शेंगा, मामांनी ३० लावल्या, म्हणजे मी ३० टाकल्या की पॉट १२० आणि मला २५ टक्के इक्विटी (जिंकायची शक्यता) पुरते. ३६ आहे ना, कॉल, टाकल्या ३०! टर्नवर, म्हणजे चौथ्या पानाला, फालतू पान. पॉट १२०, मामांनी ६० लावल्या, परत २५ टक्केच पाहिजे पण आता ४६ पानांत ९ बदाम, साडेएकोणीस टक्के. तरी मी टाकल्या, कारण डोक्यात ३६ बसलेला आणि आधीच्या ३० सोडवत नव्हत्या.

असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी हात वहीत लिहायला लागलो. इंजिनिअरिंगला असलेल्या चुलत बहिणीने वही बघितली आणि म्हणाली, "दादा, ३० शेंगांत तुला एकच पान दिसतंय, दुसऱ्या पानाचे मामा वेगळे घेणार आहेत, मग चारने कशाला गुणतो?"

तिथे मला सगळं कळलं. चारने तेव्हाच गुणायचं जेव्हा कोणीतरी ऑल-इन आहे, म्हणजे सगळ्या शेंगा लावून बसलाय, आणि पुढे काही टाकायचं नाहीये. नाहीतर एका पानाचाच हिशोब, आणि कमी पडलं तर बदाम आल्यावर समोरचा अजून किती देईल ते बघायचं. वरच्या हातात टर्नवर ६० टाकायच्या तर रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, मामांकडून निदान ६७ शेंगा अजून निघायला पाहिजे होत्या. आमचे मामा? तिसरा बदाम दिसला की ते शेंग सोलून खातात पण पॉटमध्ये टाकत नाहीत.

यंदा मामांनीच टर्नवर तसाच अर्धा पॉट लावला. मी पानं खाली ठेवली. "काय भो, पळाला का?" म्हटले. हो म्हटलं मामा, पळालो.

नंतर आतेभाऊ फ्लॉपवर ऑल-इन गेला, ६० च्या पॉटमध्ये त्याच्या ५०. मला सव्वाएकतीस टक्के पाहिजे होते, परत नऊच बदाम बाकी, दोन्ही पानं फुकट दिसणार म्हणजे नेमके ३५ आहेत. कॉल केला. बदाम आला नाही, शेंगा गेल्या, आणि वहीत मी त्या हातापुढे "बरोबर" लिहिलं.